याद्यांबाहेरचे झाड : मुळशीच्या काटेसावरीचा इतिहास

१/
महाशिवरात्रीपासून होळीपर्यंतच्या दिवसांत पौडहून ताम्हिणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक झाड दुरूनच ओळखू येते. अंगावर एकही पान नाही, फांद्या आडव्या पसरलेल्या आणि त्यांवर तळहाताएवढी लाल फुले. ही काटेसावर. कोणी तिला नुसते सावर म्हणतात, कोणी शेवर, कोणी सावरी. संस्कृतात ती शाल्मली आणि हिंदीत सेमल. या झाडाचा लिखित इतिहास वेदांपर्यंत मागे जातो. तरीही राज्यकर्त्यांनी मौल्यवान झाडांच्या याद्या केल्या, तेव्हा सावरीला त्यांत जागा मिळाली नाही. या विसंगतीचा हा धागा.

२/
आधी ओळख. वर्षातले काही आठवडे सह्याद्रीत तीन झाडे लाल-केशरी होतात : पळस, पांगारा आणि सावर. पळसाची फुले केशरी, पोपटाच्या चोचीसारखी बाकदार. पांगाऱ्याची लालभडक फुले फांदीच्या टोकाशी तुऱ्यात येतात. सावरीचे फूल मोठे, पेल्यासारखे, पाच जाड मांसल पाकळ्यांचे असून मध्ये पुंकेसरांचा दाट झुबका असतो. सावरीचे पान हाताच्या पंजासारखे असते. एका देठावर पाच ते सात पर्णिका येतात.

३/
नावातले काटे खोडावर असतात. कोवळ्या झाडाचे खोड शंकूसारख्या टणक काट्यांनी भरलेले असते. गुरांनी अंग घासू नये, जनावरांनी साल खाऊ नये, यासाठी हे चिलखत. झाड थोराड झाले की खालच्या भागातील काटे झडतात आणि बुंध्याशी फळ्यांसारखी आधारमुळे फुटतात. पंचवीस-तीस मीटर उंचीचे सरळ खोड या मुळांच्या आधारावर उभे राहते. फांद्या एकाच पातळीवर चहूबाजूंनी निघतात, त्यामुळे झाड मजल्यामजल्यांचे दिसते.

४/
सावर वेगाने वाढते, पण हा वेग पहिल्या दिवसापासून दिसत नाही. लहान रोप आधी जमिनीखाली गाजरासारखे जाड मूळ तयार करते आणि त्यात अन्न साठवते. वणव्यात वरचा शेंडा जळाला किंवा शेळीने खाल्ला, तर याच मुळातून नवा कोंब येतो. मूळ पक्के झाल्यावर झाड झपाट्याने वर जाते. सावली मात्र त्याला मुळीच सोसत नाही. मोकळा उतार, उघडी जमीन आणि भरपूर ऊन ही त्याची मागणी.

५/
मुळशीचा इतिहास आणि या झाडाचा स्वभाव एकमेकांना भेटतात ते इथेच. तालुक्याच्या पश्चिम कडेला ताम्हिणीजवळ पावसाळ्यात काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. पूर्वेला पिरंगुटकडे येईतो तो झपाट्याने कमी होतो. दरीच्या तळाशी भातखाचरे आणि वर उतारावर वरकस जमीन, अशी इथली जुनी शेती. वरकस जमिनीत काही वर्षे नाचणी, वरई, कारळे घ्यायचे आणि मग ती पडीक सोडायची. अशा मोकळ्या झालेल्या, वणवा फिरून गेलेल्या उतारावर जी झाडे आधी उगवतात, त्यांत सावर असते.

६/
भातशेतीचा आणखी एक धागा जंगलाला जोडलेला होता : राब. रोप टाकण्याच्या जागेवर डहाळ्या, पालापाचोळा, गवत आणि शेण पसरून उन्हाळ्यात जाळायचे. त्यासाठी दरवर्षी झाडांच्या फांद्या छाटल्या जात. १८७८च्या वन कायद्यानंतर सरकारी वनांच्या सीमा आखल्या गेल्या आणि राबासाठी फांद्या तोडण्याचा हक्क वादाचा विषय झाला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील असंतोष एवढा वाढला, की १८८५मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. जंगल कोणाचे, हा प्रश्न सह्याद्रीत तेव्हापासून धगधगत आहे.

७/
आता मागे, फार मागे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील सूर्यासूक्तात सूर्येच्या विवाहरथाचे वर्णन आहे. त्यात किंशुक आणि शल्मली ही दोन नावे शेजारी शेजारी येतात. किंशुक म्हणजे पळस. वसंतात एकाच वेळी फुलणारी ही दोन लाल झाडे नववधूच्या रथाशी जोडली गेली, यात नवल नाही.

८/
अमरकोशाने या झाडाला दिलेली नावे म्हणजे निरीक्षणांची नोंदवहीच आहे. ‘पिच्छिला’, कारण त्याचा डिंक बुळबुळीत. ‘मोचा’, ज्यावरून डिंकाला मोचरस हे नाव पडले. आयुर्वेदात अतिसारावर मोचरस आजही दिला जातो. आणि ‘स्थिरायु’, म्हणजे दीर्घकाळ जगणारे. वेगाने वाढणारे झाड अल्पायुषी असते, असा सर्वसाधारण समज आहे. कोशकाराने मात्र हे झाड दीर्घायुषी ठरवले.

९/
महाभारताच्या शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला एका शाल्मलीची गोष्ट सांगतात. हिमालयातील एक प्रचंड शाल्मली नारदाजवळ फुशारकी मारते, की वारा आपले काहीही बिघडवू शकत नाही. नारद ही गोष्ट वायूला सांगतात. वायू दुसऱ्या दिवशी येण्याची धमकी देतो. रात्रभर विचार करून झाड स्वतःच आपल्या फांद्या, पाने, फुले टाकून देते. सकाळी वायू येतो तेव्हा मोडण्यासारखे काही उरलेलेच नसते. बलवानाशी वैर करू नये, हा कथेचा उपदेश. पण कथाकाराने पानगळीची सावर नीट पाहिलेली होती, हेही उघड आहे.

१०/
पुराणांच्या भूगोलात सात द्वीपांपैकी एकाचे नाव शाल्मलीद्वीप. नरकाच्या वर्णनांत पाप्यांना काटेरी कूटशाल्मलीवर ओढले जाते. आणि हितोपदेशात पक्ष्यांच्या वसतीचा जो विशाल वृक्ष येतो, तो गोदावरीच्या तीरावरील शाल्मली आहे. एकच झाड विवाहाच्या रथात, नरकाच्या यातनांत आणि पाखरांच्या घरात दिसते. लोकांच्या रोजच्या पाहण्यातले झाडच असे सर्वत्र पोहोचते.

११/
हितोपदेशातील पाखरे काल्पनिक नाहीत. सावर फुलते तेव्हा रानात पाणी आटत चाललेले असते आणि बहुतेक झाडे निष्पर्ण असतात. अशा वेळी सावरीचे फूल मधुरसाने भरलेले असते. मैना, बुलबुल, कोतवाल, सूर्यपक्षी, कावळे, स्थलांतर करून आलेल्या भोरड्या, मधमाश्या, खारी, वानरे यांची दिवसभर तिथे वर्दळ असते. रात्री वटवाघळे येतात. खाली पडलेली फुले गुरे आणि भेकरे खातात. एका सावरीखाली तासभर थांबले, की परिसरातील निम्मे पक्षी मोजून होतात.

१२/
एप्रिल-मेमध्ये बोंडे तडकतात आणि पांढरा कापूस वाऱ्यावर निघतो. प्रत्येक पुंजक्यात काळे बी असते. हा कापूस दिसायला रेशमी, पण त्याचे सूत निघत नाही. शेतातल्या कापसाच्या तंतूला नैसर्गिक पीळ असतो, म्हणून तंतू एकमेकांत अडकतात. सावरीचा तंतू आखूड, गुळगुळीत आणि आतून पोकळ असतो, त्यामुळे तो निसटतो. मात्र तो हलका असतो आणि पाणी धरत नाही. म्हणून सावरीच्या कापसाची उशी आणि गादी पिढ्यान्‌पिढ्या घराघरांत होती.

१३/
युरोपच्या ग्रंथांत हे झाड ठळकपणे आले ते ‘होर्तुस मलाबारिकुस’मधून. डच अधिकारी व्हॅन ऱ्हीड याने मलबारातील वनस्पतींवर तयार करवलेला हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला छापला गेला. त्यात सावर ‘मौल-एलवौ’ या मलयाळी नावाने आहे. या ग्रंथासाठी वैद्य इट्टी अच्युतन यांच्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोंकणी वैद्यांनीही काम केले. त्यांचे नागरी लिपीतील प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. शिवराज्याभिषेकानंतर अवघ्या चार वर्षांनी नागरी अक्षरे युरोपात छापली गेली, ती वनस्पतींच्या निमित्ताने.

१४/
१७५३मध्ये लिनियसने या झाडाला शास्त्रीय नाव दिले : बॉम्बॅक्स सेइबा. यातील ‘सेइबा’ हा शब्द कॅरिबियन बेटांवरील मूळ रहिवाशांचा. तिथे तो एका वेगळ्याच, पण कापूस देणाऱ्या झाडासाठी वापरत. दोन खंडांतील दोन झाडांची सरमिसळ झाली आणि अस्सल भारतीय सावरीला अमेरिकेतील नाव कायमचे चिकटले. ते अमेरिकी झाड आज आपल्याकडेही लावलेले दिसते. त्याला पांढरी सावर म्हणतात. पिवळ्या फुलांची सोनसावर, म्हणजेच गणेर, ही तिसरीच वनस्पती. तिचे कूळही वेगळे.

१५/
आता याद्यांकडे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे सुमारे १७१५मध्ये, झाडांविषयी प्रसिद्ध सूचना आहेत. आरमाराला लाकूड लागते, ते सागासारख्या वृक्षांचे परवानगीने तोडावे. आंबा-फणसाला मात्र हात लावू नये, कारण रयतेने ती झाडे लेकरांसारखी वाढवलेली असतात. अठराव्या शतकाच्या आरंभी एका राज्यकर्त्याने असा विचार लिहून ठेवावा, हे थोरच. पण यादीचे निकष लक्षात घ्यावेत : टिकाऊ लाकूड आणि खाण्याजोगे फळ.

१६/
इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यात साग, शिसव आणि चंदन या झाडांवर सरकारने आपला हक्क राखून ठेवला. पुढे स्वतंत्र महाराष्ट्रात १९६४मध्ये वृक्षतोड नियमनाचा कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत साग, ऐन, हिरडा, किंजळ, आंबा, फणस, जांभूळ, खैर, चिंच, मोह अशी झाडे आहेत. सावर नाही. अडीचशे वर्षांत राज्ये बदलली, भाषा बदलल्या, पण मोजमापाची पट्टी बरीचशी तीच राहिली.

१७/
सावर त्या पट्टीवर का बसत नाही, याचे कारण तिच्या लाकडात आहे. ते हलके, मऊ, पांढुरके असते. तोडून उघड्यावर ठेवले तर बुरशी आणि किडे त्याचा लवकर फडशा पाडतात. घराच्या तुळईला ते चालत नाही. पाण्यात बुडालेले असेल तर मात्र ते अधिक टिकते. म्हणून खोड कोरून होड्या करणे आणि विहिरीच्या कामात वापरणे, असे त्याचे जुने उपयोग. जलद वाढीची ही किंमत : झाडाने उंची आधी मिळवायची, तर लाकूड घट्ट करायला वेळ उरत नाही.

१८/
विसाव्या शतकात याच मऊ लाकडाला अचानक भाव आला. आगपेटी! काडी सरळ चिरली जावी, मेण शोषून घ्यावे आणि शांतपणे जळावी, यासाठी मऊ पांढरे लाकूडच हवे. १९१०मध्ये वनाधिकारी ट्रूप यांनी हिंदुस्थानातील आगपेटी उद्योगाच्या शक्यतांवर सविस्तर प्रबंध लिहिला. १९२२मध्ये परदेशी आगपेट्यांवर जबर आयातकर बसला आणि त्यापाठोपाठ स्वीडिश भांडवलाची ‘विमको’ कंपनी उभी राहिली. अंबरनाथला तिचा कारखाना निघाला. सुरुवातीला ॲस्पेनचे लाकूड परदेशातून येई. हळूहळू देशी लाकडांकडे वळणे भाग पडले आणि त्यांत सावर आघाडीवर होती. आगपेटी, खोकी आणि प्लायवूड यांनी देशभरातील मोठ्या सावरी संपवायला हातभार लावला.

१९/
नेमक्या त्याच दशकात मुळशीचे रूप कायमचे बदलत होते. टाटा कंपनीने मुंबईच्या विजेसाठी मुळा-निळा खोऱ्यात धरण बांधायला घेतले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांचे नेतृत्व आणि ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा. याच लढ्याने बापटांना ‘सेनापती’ केले. १९२४पर्यंत लढा मावळला. १९२७मध्ये भिऱ्याचे वीजगृह सुरू झाले. पूर्वेकडे वाहणारे पाणी डोंगरातून पश्चिमेला कोकणात उतरू लागले.

२०/
धरणाने खोऱ्याचा तळ घेतला. भातखाचरे आणि गावठाणे गेली, उरले ते उतार. म्हणून मुळशीत ‘झाडे कुठे लावायची’ या प्रश्नाचे उत्तर गेली शंभर वर्षे ‘डोंगरावर’ असेच आहे. उताराची माती अतिवृष्टीत वाहून जाते. जे झाड उघड्या उतारावर लवकर उभे राहील आणि माती धरील, ते हवे. अशी गरज निर्माण झाली की जलद वाढीला महत्त्व येते.

२१/
पण वेग शोधताना नजर दूर गेली. १९७०च्या दशकात उरळी कांचनच्या बाएफ संस्थेने सुबाभळीचा प्रसार केला. चारा आणि सरपण भराभर देणारे हे झाड मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचे. पुण्याच्या टेकड्यांवर त्याच प्रदेशातील गिरिपुष्प दाटीने लावले गेले. उघड्या टेकड्या हिरव्या दिसू लागल्या, हे खरे. दुष्काळाच्या काळात चाऱ्याची निकड होती, हेही खरे. मात्र एकाच परदेशी झाडाची दाटी झाली, की तिच्या सावलीत स्थानिक झाडे वर येणे अवघड होते. १९८८च्या सुमारास सुबाभळीवरची कीड भारतात पोहोचली, तेव्हा एकाच झाडावर भिस्त ठेवण्याचा धोकाही कळला.

२२/
सावर याच कामाची देशी उमेदवार. वणवा सोसते, उन्हात वाढते, उंच होते. तिच्यावर बसणारे पक्षी इतर झाडांच्या बिया टाकतात आणि तिच्या विरळ सावलीत दुसरी रोपे तग धरतात. म्हणजे सावर स्वतः जंगलाचा शेवट नव्हे, जंगलाची सुरुवात आहे. जंगलाची पुढची अवस्था पाहायची तर मुळशीच्या देवराया पाहाव्यात. १९७०च्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास मांडला, तेव्हा देवाच्या नावाने राखलेल्या या तुकड्यांत मूळ अरण्य शिल्लक असल्याचे जगापुढे आले.

२३/
मात्र सावर कुठेही लावण्याजोगी नाही. घराच्या भिंतीजवळ, अरुंद रस्त्याकडेला किंवा विजेच्या तारांखाली ती लावणे चूक. आधारमुळे पसरतात, मऊ फांद्या वादळात मोडतात, जड फुलांचा खच पडून रस्ता निसरडा होतो आणि कापूस घरभर उडतो. लहान मुले खेळतात तिथे खोडाचे काटेही त्रासाचे. तिची जागा म्हणजे मोकळा माळ, डोंगरउतार, शेताचा कोपरा, ओढ्याकाठची प्रशस्त जमीन आणि रुंद मैदान. बियांपासून ती सहज उगवते. बोंड तडकल्यावर ताजे बी पेरावे, कारण ते फार काळ टिकत नाही.

२४/
होळीचा प्रश्न नाजूक आहे. कोकणातील काही गावांत होळीसाठी सावर उभारतात. राजस्थानात उदयपूरच्या परिसरातही होळीला सेमल जाळण्याची रीत आहे आणि तिथे झाडांची घटती संख्या अभ्यासकांच्या चिंतेचा विषय झाली. रान भरपूर होते तेव्हा ही प्रथा रानाला परवडत होती. आज एक तोडण्याआधी चार वाढवणे, हाच प्रथा आणि झाड दोन्ही टिकवण्याचा मार्ग.

२५/
मुळशीत आज डोंगरउतारांवर बंगल्यांचे आणि शेतघरांचे भूखंड पडत आहेत. जागा साफ करताना आंबा राखला जातो, कारण तो फळ देतो. साग राखला जातो, कारण त्याची किंमत ठाऊक असते. सावर ‘बिनकामाची, काटेरी’ म्हणून आधी जाते. मग त्याच जागी रोपवाटिकेतून आणलेले परदेशी शोभेचे झाड लागते. आज्ञापत्रापासून १९६४पर्यंतच्या याद्यांची सवय अशी खासगी कुंपणातही उतरली आहे.

२६/
याद्या वाईट होत्या असे नव्हे. त्यांनी आंबा-फणस वाचवले, हिरडा-ऐन वाचवले. पण प्रत्येक यादी त्या त्या काळाच्या गरजेचे चित्र असते : आरमार, महसूल, इमारती लाकूड. आजची गरज माती, पाणी आणि परागीभवन करणारे जीव ही असेल, तर यादीही नव्याने लिहावी लागेल. कायदा तसा बदलेपर्यंत निर्णय जमीनमालकाच्या, ग्रामसभेच्या आणि झाडे लावायला निघालेल्या तरुण गटांच्या हातात आहे.

२७/
पुढच्या फेब्रुवारीत मुळशीच्या रस्त्याने जाणाऱ्यांनी लाल फुलांनी भरलेल्या सावरी मोजाव्यात आणि त्यांच्या जागा नोंदवून ठेवाव्यात. मे महिन्यात त्याच झाडांखाली कापूस आणि बी मिळेल. गावातील जुन्या माणसांना विचारावे : इथे आधी किती सावरी होत्या, शेवटची कधी तुटली, उशीत कोणता कापूस भरत होते. दप्तरांत न आलेल्या झाडाचा इतिहास अशाच नोंदींतून लिहिला जातो.